सायकलीचा जमाखर्च

देवस्थानाची वार्षिक सभा ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांना जमाखर्च वाचून दाखविणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. अभिषेकाची दक्षिणा, उत्सवाच्या मांडवाचे भाडे, नंदादीपाचे तेल, फार काय, नारळ किती आले आणि किती प्रसादाला गेले येथपर्यंत सारे मोठ्याने वाचले जाते, आणि मागल्या रांगेत बसलेला कोणी वृद्ध सभासद हटकून विचारतोच, "गेल्या साली तेल इतके लागले नव्हते, यंदा कसे लागले?" तरुण मंडळी अशा वेळी घड्याळाकडे पाहू लागतात. आम्हांस मात्र तो प्रश्न नेहमी आवडत आला आहे. गेली काही वर्षे आम्ही तोच प्रश्न आमच्या नगराला देवळाबाहेरच्या एका वस्तूविषयी विचारीत आहो. ती वस्तू म्हणजे सायकल.

आमचे वास्तव्य सुरत शहराच्या गोडादरा ह्या भागात आहे. शहराच्या आग्नेय अंगास, लिंबायत, डिंडोली आणि पर्वत पाटिया ह्यांच्या सोबतीने ही वस्ती पसरलेली आहे. मराठी वाचकास सुरत म्हटले की इ. स. १६६४ मधील शिवछत्रपतींची स्वारी आठवते. परंतु अलीकडच्या काळात खानदेशचा माणूस तेथे गेला तो घोड्यावरून नव्हे, तापीकाठच्या भुसावळ-सुरत लोहमार्गावरून, आणि गेला तो राबावयास. धुळे, जळगाव, नंदुरबार येथील हजारो कुटुंबे ह्या बाजूस स्थिरावली. आमच्या गल्ल्यांतून अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाई बसते आणि गणेशोत्सवात मंडपांची दाटी होते. ह्या माणसांचे काम मागांच्या कारखान्यांत, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि रिंग रोडवरील कापडबाजारात. आणि त्यांतल्या पुष्कळांचे वाहन, दिवसपाळी असो की रातपाळी, सायकल.

ह्या वाहनाचे नशीब पाहा. आमच्या लहानपणी मराठीत त्याला 'दुचाकी' म्हणत. त्याहून जुनी मंडळी 'पायगाडी' म्हणत. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार ठार' असे वाचले तर तो मोटारसायकलवर होता असेच आपण समजतो. पायगाडी हा शब्द तर कोशात जाऊन बसला. ज्याचे नावसुद्धा दुसऱ्याने नेले त्याला रस्त्यावर जागा कोण ठेवणार, असे थट्टेने म्हणावेसे वाटते. पण थट्टा फार लांबवू नये, कारण तिच्या खाली एक खरी गोष्ट आहे. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून पितळेचा बिल्ला देत. तो बिल्ला नसला की दंड. रात्री दिवा नसला की शिपाई हवा सोडून देई. लोकांना तो कर जाचक वाटे आणि तो गेला ह्याचे कोणास दुःख झाले नाही. आम्हांसही नाही. तथापि बिल्ल्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली, ती म्हणजे मोजदाद. मोटारीची व मोटारसायकलीची नोंदणी होते. म्हणून त्या वर्षाला किती वाढल्या हे सरकारला ठाऊक असते, आणि वाढल्या म्हणून त्यांच्यासाठी पूल बांधले जातात. सायकलीची नोंदच कोठे नाही. ती आहे हे केवळ तिच्यावर बसणाऱ्याला माहीत.

अगदीच मोजली गेली नाही असे मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हा प्रश्न विचारला होता. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणारे सुमारे २० कोटी लोक देशात होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख सायकलीने कामावर जात. मोटारसायकल, स्कूटर इत्यादींनी जाणारे सुमारे अडीच कोटी. आणि मोटारीने जाणारे? सुमारे ५४ लाख. म्हणजे एका मोटारवाल्यामागे जवळजवळ पाच सायकलवाले. रस्त्याच्या रुंदीची वाटणी मात्र ह्याच्या नेमकी उलट. त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हावयाची ती लांबणीवर पडली, म्हणून आजही बोलताना हेच आकडे हाती घ्यावे लागतात.

आता वाचक म्हणेल, सायकलींसाठी वेगळी वाट असावी ही कल्पना परदेशातून आलेली, नव्या लोकांची. तसे नाही. भारतीय रस्ते परिषद, जिला इंडियन रोड्स काँग्रेस म्हणतात आणि जी १९३४ पासून रस्तेबांधणीचे नियम घालून देत आहे, तिने १९६२ सालीच सायकलमार्ग कसे आखावेत ह्याची पुस्तिका काढली. तिच्यातील कसोटी इतकी साधी आहे की ती शाळेतील मुलालाही समजावी. गर्दीच्या वेळी तासाला १०० ते २०० मोटारगाड्या ज्या रस्त्याने जातात, तेथे त्याच तासात ४०० किंवा अधिक सायकली असतील तर स्वतंत्र सायकलमार्ग करावा. मोटारगाड्या २०० हून अधिक असतील तर मात्र १०० सायकलींसाठीही तो करणे योग्य. रुंदी किमान २ मीटर. मागच्याने पुढच्यास ओलांडून जावे अशी सोय हवी असेल तर ३ मीटर. २०१५ साली ही पुस्तिका सुधारून पुन्हा निघाली. ज्या काळात आपल्याकडे मोटार ही श्रीमंतांची चैन होती, त्या काळात कोणा अभियंत्यांनी बसून हा विचार केला ह्याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु त्यांच्या कसोटीत एक अट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे: कोणीतरी चौकात उभे राहून मोजले पाहिजे.

म्हणून आम्ही मोजावयास बसलो. 'आम्ही' म्हणजे देवळातील चौघे-पाच जण, त्यांत दोघे निवृत्त आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा. जागा चौकालगतच्या एका दुकानाच्या ओट्यावर, वेळ पहाटेची आरती आटोपल्यापासून दोन तास. दहा सायकली गेल्या की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकावयाचा अशी आमची रीत. मोटारगाड्यांसाठी चिंचोके आणले नव्हते आणि त्यांची गरजही पडली नाही, कारण दोनशेचा आकडा गोडादऱ्यात काही मिनिटांतच मागे पडतो. सायकलींचा आमचा आकडा येथे छापीत नाही. एका सकाळची मोजणी हा पुरावा नव्हे, आणि आकड्यांच्या बाबतीत उत्साही माणसावर विश्वास ठेवू नये असे आम्हीच दुसऱ्यांना सांगत असतो. पण जे दिसले ते सांगण्यास हरकत नाही.

सातच्या सुमारास पाळी बदलते. येणारे आणि जाणारे असे दोन प्रवाह एकाच चौकात समोरासमोर येतात. जाणाऱ्यांच्या सायकलीला डबा लटकलेला, तो भरलेला असल्यामुळे हलत नाही. येणाऱ्यांचा रिकामा असतो आणि खडखडतो. डोळे मिटूनही कोण कामावर चालला आहे आणि कोण सुटून येतो आहे हे सांगता येईल. त्यांच्यामागून दूधवाला, मग पावाची पेटी बांधलेला (आमच्या कोंकणी वाचकांस येथे गोव्याचा भोंपू वाजवीत येणारा पोदेर आठवावा), मग कापडाचे तागे मागे आडवे बांधून, एका हाताने ते सावरीत निघालेली पोरे. रविवारी चकचकीत टोप घालून, घट्ट कपडे चढवून निघणारे हौशी सायकलस्वारही एक-दोन दिसले. त्यांचे आम्हांस वावडे नाही, नाशिकहून दरवर्षी पंढरपूरला सायकलवारी नेणारी मंडळी त्यांच्यातलीच. मात्र ओट्यावर बसून आमच्या लक्षात आले ते असे की, वर्तमानपत्रात सायकलीविषयी जे छापून येते ते सारे ह्या दोघांविषयी असते, आणि डबा खडखडविणाऱ्यांविषयी काहीच नसते.

शहराने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २०१४ साली उधना दरवाजा ते सचिन ह्या मार्गावर जलदगती बस सुरू झाली आणि पुढे तिचे जाळे वाढत गेले. त्या मार्गांच्या कडेने काही ठिकाणी सायकलींसाठी पट्टा राखला गेला. त्यानंतर भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना आली. जून २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीनंतर, केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने शहरांपुढे सायकलींविषयी एक आव्हान ठेविले. शंभराहून अधिक शहरे त्यात उतरली आणि २०२१ मध्ये जी अकरा निवडली गेली त्यांत सुरत होते. आमच्या मराठी वाचकांस हेही कळवितो की त्या अकरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ह्यांचीही नावे होती. पुण्याचे नव्हते, सायकलींचे शहर म्हणून ज्याने एके काळी मिरविले आणि ज्याने डिसेंबर २०१७ मध्ये ८२४ किलोमीटरांचा सायकल आराखडा मंजूर केला त्या पुण्याचे. आराखडा कागदावर किती लांबीचा आहे आणि वाट पायाखाली किती आहे ह्यांत पुणेकरांनाच अंतर मोजावे लागते, त्यात आम्ही सुरतकरांनी बोलू नये.

ही लांबीची गोष्ट आम्हांस एका कचेरीत फार चांगली समजली. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण तेथील गृहस्थ सज्जन होते, त्यांनी आम्हांस चहा दिला. सायकलमार्ग किती झाले, हे विचारताच त्यांनी तत्काळ किलोमीटर सांगितले. त्यांवरून रोज किती सायकली जातात, हे विचारले. त्यांनी वही चाळली, पुन्हा चाळली आणि मग आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्ही देवळात किती घंटा आहेत हे विचारून नंतर त्या किती वेळा वाजतात हेही विचारीत आहो. वहीत तो रकानाच नव्हता. पट्टा कोठे तुटतो, कोठे त्यावर मोटारी उभ्या राहतात, कोठे वळणाला तो रस्त्यात विरून जातो, ह्यांचेही रकाने नव्हते. अपघाताचा रकाना दुसऱ्या कचेरीत.

वस्तुतः सायकलस्वाराचा जीव धोक्यात येतो तो सरळ पट्ट्यावर नव्हे. तो येतो जेथे पट्टा संपतो तेथे: चौकात, पुलाच्या चढावर, गरनाळ्यात. गरनाळे हा आमचा सुरती शब्द. लोहमार्गाखालून काढलेली अरुंद वाट. लिंबायतेकडून उधन्यास जाणाऱ्याला ते चुकत नाही. तेथे ट्रक, बस, रिक्षा, हातगाडी आणि सायकल सारे एकाच तोंडाने शिरतात. पावसाळ्यात मिठी खाडी चढली म्हणजे लिंबायत आणि पर्वत गाव ह्या बाजूस पाणी भरते, आणि पाण्याखालचा खड्डा मोटारीला केवळ हादरा देतो, सायकलस्वाराला मात्र आडवा पाडतो. पाडल्यावर मागून काय येत असेल ते त्याच्या दैवावर.

आमच्या देवळात एक गृहस्थ येत. मूळचे अमळनेरकडचे, सारे त्यांना तात्या म्हणतात. रातपाळी सुटली की घरी न जाता ते तसेच सायकलीने देवळात येत आणि कार्तिकात काकडआरतीला टाळ धरीत. त्यांची सायकल प्राजक्ताच्या झाडाला टेकलेली दिसली की आरतीला अजून अवकाश आहे असे समजावे. ते कधीही उशिरा आले नाहीत. एका पहाटे आरती झाली आणि झाडाखाली सायकल नव्हती. वळणावर मागून आलेल्या कुठल्याशा वाहनाने त्यांना उडविले आणि ते वाहन थांबले नाही. प्राण वाचले, पाय मात्र पूर्वीसारखा राहिला नाही. तक्रार करावयास ते गेले नाहीत. "कुणाची करू? नंबर पाहिला नाही," असे म्हणाले. तेव्हा हा अपघात कोणत्याही वहीत असेल असे वाटत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली असे सरकारी अहवाल सांगतो. जे वाचले आणि वहीत आले नाहीत त्यांची गणती ह्या आकड्याबाहेर. तात्यांनी सायकल भंगारात दिली. आता ते रिक्षाने कामावर जातात आणि रोजच्या मजुरीतून जाण्यायेण्याचे पैसे वजा होतात. काकडआरतीला ते येत नाहीत, कारण त्या वेळी देवळाच्या बाजूची रिक्षा मिळत नाही. त्यांचे टाळ खुंटीला आहेत.

ही एका माणसाची गोष्ट झाली. ज्यांनी सायकल हाती धरलीच नाही त्यांची आणखी वेगळी. गुजरात सरकारची सरस्वती साधना नावाची योजना आहे. तिच्यात नववीत जाणाऱ्या, मागास वर्गातील व ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींना सायकल मिळते. योजना उत्तम आहे आणि ज्याने ती काढली त्याला मुलींची शाळा कोठे सुटते हे कळत होते. आमच्या शेजारच्या एका मुलीला अशी सायकल मिळाली. तिच्या आईने ती जिन्याखाली उभी केली, वर जुने गोधडे टाकले आणि मुलीला पायीच शाळेत धाडू लागली. आम्ही विचारले तेव्हा ती बाई म्हणाली, "काका, सायकल सरकारनं दिली, रस्ता कुठं दिला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी मात्र मिरवणुकीसाठी रस्ता मोटारींना बंद असतो. त्या दिवशी दुपारी ती मुलगी गोधडे काढून सायकल बाहेर काढते आणि गल्लीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत मनसोक्त फेऱ्या मारते. वर्षातून एक दिवस. तिला सायकल येते, हे त्या दिवशी सर्वांना दिसते.

परदेशाचे दाखले फार देऊ नयेत; तेथील हवा वेगळी, माणसे थोडी. तरीही दोन सांगतो, कारण ते आमच्या मुद्द्याचे आहेत. हॉलंड आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तो जन्मतः तसा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या आणि मुले रस्त्यावर मरू लागली. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच 'बालहत्या थांबवा' असे होते. १९७३ मध्ये तेलटंचाई आली, काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आमच्या कानबाईच्या दिवसासारखेच म्हणा ना. दुसरा दाखला डेन्मार्कच्या कोपनहेगन नगराचा. ती पालिका १९९० नंतरच्या दशकापासून दर दोन वर्षांनी सायकलीचा रीतसर हिशेब छापते. त्यात मार्गाची लांबी तर असतेच; परंतु कामाला व शाळेला सायकलीने किती जण जातात, किती जणांना गंभीर इजा झाली, आणि सायकलीवर बसताना किती जणांना निर्भय वाटते, हेही असते. निर्भयतेचा रकाना! आमच्या कचेरीतल्या सज्जनांना तो दाखवावा असे वाटले.

आणि सुरतेला हे जमणार नाही असे कोणी म्हणेल तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने ह्याच शहरातून लाखो लोक पळाले. त्या वेळी सुरतेचे नाव घाणीशी जोडलेले होते. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर, रस्त्यावर उभे केले. कोणत्या प्रभागात किती कचरा उचलला, किती राहिला, ह्याचा हिशेब त्याच दिवशी. दोन वर्षांच्या आत सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह तिने पहिले स्थान घेतले. ज्या नगराने गल्लीगल्लीतला कचरा मोजला त्याला चौकातली सायकल मोजता येत नाही हे आम्हांस पटत नाही. मोजण्याचे मनात आले नाही, इतकेच.

जानेवारी २०२१ मध्ये मेट्रोचे भूमिपूजन झाल्यापासून शहरातील अनेक रस्ते उकरले गेले आहेत. उकरलेला रस्ता पुन्हा बांधावा लागतो, आणि बांधताना कडेचे दोन मीटर कोणाचे हे त्याच वेळी ठरते. एकदा डांबर पडले की पुढल्या वीस वर्षांत कोणी ते सरकवीत नाही. आमची घाई आहे ती एवढ्यासाठी. १९६२ च्या त्या पुस्तिकेचा आधार घेऊन, गोडादऱ्याच्या चौकात सकाळी व सायंकाळी, सलग तीन दिवस, कामाच्या दिवशी, नीट मोजणी करून ती लेखी द्यावयाची असे आम्ही ठरविले आहे. सायकली चालविणाऱ्यांत बायका किती, मुली किती, पट्टा नसल्यामुळे चौकात खाली उतरून सायकल ढकलीत नेणारे किती, हे वेगळे लिहावयाचे. कॉलेजातल्या मुलाने वहीत रकाने आखून ठेवले आहेत. चिंचोक्यांवर त्याचा विश्वास नाही.

मोजणी मार्गशीर्षात, दत्तजयंती आटोपल्यावर. पर्वत पाटियाकडच्या कोपऱ्यावर दोघे, लिंबायतेकडच्या वाटेवर दोघे, आणि चौकातल्या ओट्यावर तात्या. पायामुळे त्यांना उभे राहवत नाही, पण बसून लिहिता येते, आणि रातपाळीवाल्यांच्या चेहऱ्यांची त्यांना ओळख आहे. कोण रोजचा आणि कोण आजच आलेला, हे ते सांगू शकतील. त्यांना एक खुर्ची, एक वही आणि थंडीसाठी कांबळे लागेल. खुर्ची देवळातून मिळणार आहे.